वैद्यकीय शिक्षणाचा खर्च आणि दिनक्रम: प्रवेशापासून पहिल्या पगारापर्यंत

वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश मिळाला की घरात पहिला प्रश्न फीचा निघतो. तो निघायलाच हवा. पण खरे सांगायचे तर फी हा या शिक्षणातला सर्वांत सरळ खर्च आहे. तिचा आकडा छापलेला असतो, भरण्याची तारीख ठरलेली असते आणि तिच्यासाठी घरचे लोक आधीपासून तजवीज करतात. विद्यार्थ्याची ओढाताण होते ती कोणत्याही पत्रकात नसलेल्या आणि नेमक्या एकाच वेळी अंगावर येणाऱ्या खर्चांमुळे. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस परीक्षा शुल्क, नव्या खोलीची अनामत आणि पुढच्या वर्षाची दोन जाड पुस्तके ही तिन्ही एका पंधरवड्यात आली. वर्षभराच्या बेरजेत पैसे पुरेसे होते, त्या पंधरवड्यात मात्र नव्हते, आणि मला वर्गमित्राकडून उसने घ्यावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येक ज्युनियरला सांगत आलो आहे की या शिक्षणात रकमेपेक्षा तारीख जास्त त्रास देते, आणि हेच वेळेच्या व झोपेच्या हिशेबालाही लागू पडते. पुढील सर्व पायऱ्या याच दृष्टीने मांडल्या आहेत.

पायरी १: आकड्यांच्या आधी महिने मांडा

एक मोठा कागद घ्या, वर बारा महिने लिहा आणि डावीकडे खर्चांची नावे उतरवा: फी, वसतिगृहाची व ग्रंथालयाची अनामत, परीक्षा शुल्क, नोंदणी, लसी, ॲप्रन, प्रॅक्टिकलची जर्नल, घरी जाण्या-येण्याचे भाडे, पोस्टिंग (वॉर्डात ठरावीक काळ शिकण्याची पाळी) दुसऱ्या रुग्णालयात असेल तर तिथवरचा रोजचा प्रवास, चष्मा, लॅपटॉपची दुरुस्ती. आकडे अजून माहीत नसले तरी चालेल. आधी प्रत्येक खर्चासमोर, तो ज्या महिन्यात येतो त्या चौकटीत फुली मारा. सगळ्या फुल्या मारून झाल्या की आडव्या ओळी सोडून उभे रकाने पाहा. दोन-तीन रकाने गच्च भरलेले दिसतील. सहसा वर्षाची सुरुवात आणि परीक्षेच्या आधीचे दोन महिने. तुमचे अंदाजपत्रक म्हणजे मुख्यतः त्या रकान्यांची तयारी आहे.

मग आकडे भरा. ते मिळवण्याची खात्रीची जागा म्हणजे तुमच्यापेक्षा एकच वर्ष पुढे असलेला सिनियर. तीन-चार वर्षे पुढच्या सिनियरला जुने दर आठवतात. त्याला "महिन्याला किती लागतात?" असे विचारू नका, कारण या प्रश्नाला प्रत्येक जण अंदाजाने आणि बहुधा कमी आकडा सांगतो. त्याऐवजी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यातील बँक व्यवहारांची यादी त्याच्याबरोबर बसून पाहता आली, तर अर्ध्या तासात सगळे कळते. रात्री अकरानंतर मागवलेल्या खाण्याच्या नोंदी तिथे किती असतात, हे पाहून माझा एक सिनियर स्वतःच ओशाळला होता.

मोठे एकरकमी खर्च मासिक करून टाकायचे. परीक्षा शुल्क ६० एकक (एकक म्हणजे हिशेबासाठी धरलेली कोणतीही रक्कम) असेल आणि ते दहाव्या महिन्यात भरायचे असेल, तर पहिल्या महिन्यापासून दरमहा ६ एकक बाजूला पडले पाहिजेत, तेही दैनंदिन खर्चाच्या खात्यात नव्हे, तर वेगळ्या खात्यात. एकाच खात्यात ठेवलेले पैसे शिल्लक दिसतात आणि शिल्लक दिसलेले पैसे खर्च होतात.

दरवाढही धरावी लागते. आजच्या वार्षिक खर्चाला पाचाने गुणून पाच वर्षांचा खर्च काढणे ही घराघरांत होणारी चूक आहे. पहिल्या वर्षाचा खर्च १०० मानला आणि तो दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला, तर पाचव्या वर्षाचा खर्च सुमारे १२६ होतो आणि पाच वर्षांची बेरीज ५०० न होता जवळजवळ ५६४ होते. म्हणजे अर्ध्या वर्षाहून अधिक खर्च हिशेबाबाहेर राहिलेला असतो. अभ्यासक्रम जितका लांब, तितकी ही तूट मोठी. शाळेनंतर थेट प्रवेश असलेल्या बहुतेक देशांत हे शिक्षण पाच ते सहा वर्षांचे असते, तर अमेरिका आणि कॅनडा येथे साधारणपणे आधी पदवी घेऊन मग चार वर्षे वैद्यकीय शिक्षण घ्यावे लागते, त्यामुळे तिथे मोजणी करताना आधीच्या पदवीचे कर्जही डोक्यावर असू शकते.

पायरी २: कर्ज घेणार असाल, तर व्याज कधी सुरू होते ते विचारा

"शिक्षण चालू असताना हप्ता भरावा लागत नाही" या वाक्याचा अर्थ पुष्कळ जण "शिक्षण चालू असताना व्याज लागत नाही" असा घेतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक कर्जांत हप्ता थांबलेला असतो, व्याज चालूच असते. समजा एकूण १०० एककांचे कर्ज दरवर्षी सुरुवातीला २० असे पाच वेळा उचलले आणि व्याजदर वर्षाला १० टक्के आहे. सरळ व्याजाने पाचव्या वर्षअखेरीस देणे १३० होते, चक्रवाढीने सुमारे १३४. फरक किरकोळ वाटतो. परंतु त्या तारखेला साचलेले व्याज मुद्दलात मिळवले गेले की पुढची सगळी आकारणी १०० वर न होता १३४ वर होते. दहा वर्षांत फेडायचे ठरवल्यास मासिक हप्ता १.३२ ऐवजी १.७७ एकक पडतो, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांशाने जास्त. घरी कोणी कमावते असेल आणि शिक्षण चालू असतानाच दरमहा निव्वळ व्याज भरता येत असेल, तर तेवढे तरी भरत राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या वर्षी ही रक्कम फारच लहान असते आणि सवय तेव्हाच लागते.

सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मिळवा. व्याज सरळ आहे की चक्रवाढ? साचलेले व्याज मुद्दलात कोणत्या दिवशी मिळवले जाते? एखाद्या विषयात अनुत्तीर्ण होऊन वर्ष वाढले, तर हप्ता सुरू होण्याची तारीख पुढे जाते का? आणि मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का? तिसरा प्रश्न विचारायला लाज वाटते, म्हणून तो कोणी विचारत नाही. पण सहा महिन्यांनी परीक्षा पुन्हा द्यावी लागणे ही या शिक्षणातली मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही, आणि तेव्हा बँकेचा हप्ता पुढे ढकललेला नसेल, तर अभ्यासाच्या ताणात हा दुसरा ताण येतो.

शिष्यवृत्तीबाबत एवढेच सांगतो की ती मिळवण्यापेक्षा तिचे नूतनीकरण चुकण्याचे प्रमाण मोठे आहे. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, प्रवेशाचे पत्र आणि बँक तपशील यांच्या प्रती एका फाइलमध्ये व मोबाइलमध्ये ठेवा आणि नूतनीकरणाची तारीख पायरी १ च्या कागदावर लाल शाईने लिहा.

पायरी ३: खरेदी उशिरा करा

पहिल्या आठवड्यात वर्गातला प्रत्येक जण काहीतरी विकत घेत असतो आणि आपण मागे पडतो आहोत असे वाटू लागते. या आठवड्यात हात आखडता ठेवावा. ज्याच्याशिवाय डिसेक्शन हॉलमध्ये (शवविच्छेदन कक्षात) किंवा प्रयोगशाळेत पाऊल ठेवू देत नाहीत, तेवढेच पहिल्या दिवशी घ्या: ॲप्रन, हातमोजे, डिसेक्शनची पेटी, बंद बूट आणि जर्नल. बाकी सगळ्याला किमान तीन आठवडे थांबता येते.

ॲप्रन दोन हवेत, एक नको. एक धुऊन वाळत असताना दुसरा अंगावर असतो, आणि डिसेक्शन हॉलचा ॲप्रन वॉर्डात घालायचा नसतो. तो शक्यतो ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात आणि इतर कपड्यांपासून वेगळा धुवावा. बाह्यांची लांबी विचारून घ्या. ब्रिटनमधील रुग्णालयांत कोपराखाली बाही, घड्याळ वा कडे चालत नाही, इतरत्र पूर्ण बाहीचा आग्रह असू शकतो.

हाडांचा संच ही पहिल्या वर्षाची मोठी खरेदी असते आणि बहुतेकांना ती करण्याची गरज नसते. प्रौढ सांगाड्यात २०६ हाडे असतात, पण अभ्यासाला एका बाजूची पुरतात, म्हणून अर्धा संच चार जणांत मिळून वापरला तरी काम भागते. विभागाच्या संग्रहातून हाडे काही दिवसांसाठी मिळतात का, ते आधी पाहा. मिळत असतील, तर प्लॅस्टिकच्या संचापेक्षा ती कधीही सरस. स्वस्त प्लॅस्टिकच्या हाडावर स्नायू चिकटण्याच्या खडबडीत रेषा बोथट असतात आणि पोषक रक्तवाहिनीचे छिद्र पुष्कळदा नसतेच. हातापायांच्या लांब हाडांत हे छिद्र हातात कोपराकडे आणि पायात गुडघ्यापासून दूर तिरके जाते. व्हायवात (तोंडी परीक्षेत) परीक्षक त्या छिद्रात बारीक काडी सरकवून दिशा विचारतात, आणि ज्याने फक्त प्लॅस्टिक हाताळले आहे, तो तिथेच गडबडतो. वाटून घेतलेला संच परत करताना मनगटाची आठ हाडे मोजून घ्या. पिसिफॉर्म हे वाटाण्याएवढे हाड सर्वांत आधी हरवते. आमच्या संचातले ते हाड सहा महिन्यांनी एका उशीच्या अभ्र्यात सापडले.

स्टेथोस्कोप हा भावनेचा विषय आहे, म्हणून त्याबद्दल थोडे जास्त लिहितो. रने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ मध्ये एका रुग्णाच्या छातीवर कागदाची सुरळी धरून हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून हे साधन जन्माला आले. कागदाच्या सुरळीने ज्याचे भागले, त्याच्या वारसांना हृदयरोगतज्ज्ञांसाठी बनवलेल्या महागड्या नळीची पहिल्याच वर्षी गरज नसते. नवख्याला ऐकू येत नाही ते नळीमुळे नव्हे, तर काय ऐकायचे हे कानाला अजून माहीत नसल्यामुळे. घेताना तीन गोष्टी पाहा. कानात बसणारे बोंडे मऊ असून कान नीट बंद करतात का. नळीत चीर नाही ना. आणि छातीवर ठेवायच्या भागाला डायफ्रॅम (सपाट पडदा) आणि बेल (खोलगट वाटी) अशा दोन्ही बाजू आहेत का. डायफ्रॅम दाबून धरल्यावर उंच पट्टीचे आवाज येतात, बेल हलकेच टेकवल्यावर खालच्या पट्टीचे, आणि हृदयाचा तिसरा ध्वनी किंवा हृदयातली मायट्रल झडप अरुंद झाल्याचा घरघराट हा बेलनेच नीट कळतो. विकत घेतल्या दिवशी नळीवर नाव घाला. माझा पहिला स्टेथोस्कोप एका राउंडमध्ये (डॉक्टरांबरोबर वॉर्डात रुग्ण पाहत फिरताना) कोणीतरी "दोन मिनिटं दे" म्हणून घेतला, तो मला पुन्हा कधी दिसला नाही. नळी उघड्या मानेवर न टाकता कॉलरवर ठेवावी, कारण त्वचेच्या तेलाने ती कालांतराने कडक होते.

रिफ्लेक्स (गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो तशी आपोआप होणारी हालचाल) पाहण्याची हातोडी स्वतःची असावी, कारण हाताला तिच्या वजनाची सवय व्हावी लागते. ट्यूनिंग फोर्क मात्र गटात मिळून घ्या: कान तपासायला ५१२ हर्ट्झचा आणि कंपनाची जाणीव तपासायला १२८ हर्ट्झचा. परीक्षेत हे दोन अदलाबदल झाले की पुढची दहा मिनिटे सावरता येत नाहीत.

पुस्तकांच्या बाबतीत एक भेद लक्षात ठेवला, तर पुष्कळ पैसे वाचतात. माणसाच्या मांडीतली धमनी वीस वर्षांत जागा बदलत नाही, म्हणून शरीररचनाशास्त्राचे जुने, सिनियरच्या खुणांनी भरलेले पुस्तक बेधडक घ्यावे. औषधशास्त्र, संसर्गावरील उपचार, लसीकरण आणि सामुदायिक आरोग्य या विषयांत मात्र जुनी आवृत्ती धोक्याची आहे, कारण मात्रा, पहिल्या पसंतीची औषधे आणि मार्गदर्शक सूचना बदलत असतात. जीवरसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र यांना एखादी आवृत्ती मागची चालते. शिवाय कोणतेही पुस्तक विकत घेण्याआधी ग्रंथालयातल्या प्रतीतून एक पूर्ण प्रकरण वाचून पाहावे. भाषा मानवली नाही, तर ते पुस्तक वर्षभर फळीवर बसते.

पायरी ४: वॉर्डात जाण्याआधी स्वतःच्या शरीराची तयारी करा

हिपॅटायटिस बीची लस सर्वसाधारणपणे तीन मात्रांत दिली जाते: पहिली, एक महिन्याने दुसरी आणि पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी. तिसऱ्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासतात. ती प्रति मिलिलिटर किमान १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकक असायला हवी. याचा हिशेब केला, तर पूर्ण खात्री व्हायला सात-आठ महिने लागतात. म्हणजे रुग्णांजवळ जाण्याच्या आदल्या आठवड्यात जागे होऊन उपयोग नाही. प्रवेश मिळताच पहिली मात्रा घ्यावी. लहानपणी लस झालेली असेल, तर कार्ड शोधा आणि पातळी तपासायची का, ते महाविद्यालयाच्या आरोग्य विभागाला विचारा.

डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिनचा (मृतदेह टिकवण्याच्या द्रवाचा) वास पहिल्या आठवड्यात असह्य वाटतो आणि नंतर जाणवेनासा होतो. तो कमी झालेला नसतो, आपले नाक सरावलेले असते. फॉर्मॅलिनमधले फॉर्मल्डिहाइड हे माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात मोडते, त्यामुळे सवय झाली म्हणून बेफिकीर होऊ नये. हातमोजे नायट्राइलचे घ्या, लॅटेक्समधून फॉर्मॅलिन लवकर झिरपते. कॉन्टॅक्ट लेन्स घालून हॉलमध्ये जाऊ नका.

सुई टोचण्याचा प्रसंग विद्यार्थ्यांवर येतो आणि तो लपवण्याकडेच कल असतो, कारण बाई किंवा सर रागावतील ही भीती असते. क्रम पाठ करून ठेवा: सुई बाजूला ठेवा, जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि त्याच वेळी कळवा. सुई बाधित रुग्णाची असेल, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बीची बाधा होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के इतकी असते, एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. एचआयव्हीविरोधी प्रतिबंधक औषधे जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली, काही तासांतच सुरू करणे योग्य, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत, आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. या तपासण्या आणि औषधांचा खर्च महाविद्यालय करते की विद्यार्थी, हे पहिल्या पोस्टिंगच्या आधीच विचारून ठेवावे. रात्री दोन वाजता रक्ताळलेले बोट धरून ते विचारण्याची वेळ येऊ नये.

पायरी ५: १६८ तासांचे वाटप

आठवड्यात सगळ्यांना १६८ तास असतात. रोज साडेसात तास झोप धरली, तर ५२.५ तास गेले. व्याख्याने, प्रॅक्टिकल आणि वॉर्ड मिळून ४० तास, स्वतःचा अभ्यास २५, प्रवास ७, जेवण-आंघोळ-कपडे-खोलीची आवराआवर १८. उरतात २५.५ तास. हा आकडा पाहून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण त्यांना वाटत असते की आपल्याकडे तासच नाहीत. तास असतात, पण ते वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत असतात: एक व्याख्यान लवकर संपले, राउंड सुरू व्हायला उशीर झाला, प्रयोगशाळेत आपला क्रमांक यायचा आहे. असे तुकडे मोबाइलमध्ये जातात आणि मग अभ्यासाची वसुली झोपेतून होते.

झोपेतून वसुली करणे हा सर्वांत महाग सौदा आहे. सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची चपळता आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी खालावते, आणि २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या बरोबरीची होते, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले होते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी मद्य पिऊन व्हायवाला जात नाही, पण कामगिरी जवळपास तशीच करतो. कॅफीनचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सात वाजता घेतलेल्या कपाचा अर्धा भाग मध्यरात्री अंगात असतो.

दिवसातले ते तुकडे वापरण्यासाठी प्रश्नोत्तरांची कार्डे उत्तम. हर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विस्मरण सुरुवातीला किती वेगाने होते हे दाखवले होते, आणि वाढत्या अंतराने उजळणी करण्याची पद्धत त्याच निरीक्षणावर उभी आहे. अंकी हे या पद्धतीचे संगणकप्रणालीतले रूप २००६ पासून उपलब्ध आहे. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे, आयफोनवर विकत घ्यावे लागते. इथे एक इशारा देतो: दुसऱ्याने बनवलेली तीस हजार कार्डे उतरवून घेणे म्हणजे अभ्यास नव्हे. रोज वीस नवी, स्वतः वाचलेल्या पानावरची कार्डे पुरेशी होतात, कारण ती बनवतानाच निम्मे पाठ होते. संशोधन लेखांसाठी पबमेड सेंट्रल हा ऑनलाइन संग्रह २००० पासून मोफत आहे, आणि कमी उत्पन्न असलेल्या देशांतील संस्थांना जागतिक आरोग्य संघटनेच्या हिनारी योजनेतून नियतकालिके मिळतात. तुमचे ग्रंथालय तिचे सभासद आहे का, ते ग्रंथपालांना विचारा. सशुल्क व्हिडिओ व्याख्यानांचे वर्गणीदार होण्याआधी हे सगळे वापरून पाहावे. मला विचाराल, तर पहिल्या दोन वर्षांत त्या वर्गणीची गरज बहुतेकांना नसते.

पायरी ६: वॉर्डातला दिवस आणि त्याचे लहान खर्च

क्लिनिकल पोस्टिंग सुरू झाले की खर्चाचे रूप बदलते. मोठ्या वस्तू संपतात आणि रोजचे बारीक पैसे जाऊ लागतात. सकाळी लवकर निघायचे म्हणून मेसचा नाश्ता सुटतो, राउंड दुपारपर्यंत लांबतो, भूक लागते तेव्हा समोर रुग्णालयाचे उपाहारगृह असते. महिनाअखेरीस मोजाल, तर मेसचे पैसे भरूनही तेवढेच बाहेर गेलेले दिसतील. उपाय साधा आहे: आदल्या रात्री डबा भरून ठेवणे आणि वाटेत खाता येईल असे काहीतरी पिशवीत असणे. ॲप्रनच्या खिशात खाणे ठेवू नये, हे सांगायला नको, पण ठेवणारे दर वर्षी भेटतात.

बुटांवर पैसे खर्च करा. सहा-सात तास उभे राहण्यासाठी न घसरणाऱ्या तळाचे, पुसता येणारे बंद बूट लागतात. शक्य झाल्यास दोन जोड आलटून पालटून वापरा, म्हणजे दोन्ही जास्त टिकतात. खिशात लहान वही, दोन साधी पेने (चांगले पेन वॉर्डात हरवतेच), छोटी विजेरी आणि हात निर्जंतुक करण्याचे द्रव. प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर ते द्रव २० ते ३० सेकंद चोळायचे असते; हात उघड मळलेले असतील, तर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद धुवायचे.

खोली स्वस्त पण दूर, की महाग पण रुग्णालयाजवळ, हा प्रश्न तिसऱ्या वर्षात येतोच. रोज ४० मिनिटे जाण्याची आणि ४० येण्याची असतील, तर आठवड्यातील सहा दिवसांत आठ तास जातात, म्हणजे वर हिशेबात धरलेल्या मोकळ्या वेळाचा जवळजवळ तिसरा भाग. भाड्यातील आठवड्याच्या फरकातून आठवड्याचा प्रवासखर्च वजा करा आणि उरलेल्या रकमेला त्या आठ तासांनी भागा. जो दर निघेल, त्या दराने तुम्ही स्वतःचे तास विकत आहात. रात्रीच्या ड्युट्या सुरू झाल्यावर सुरक्षित परतीचा खर्चही यात धरावा.

शिकवणी घेणे, भाषांतर, ग्रंथालयातील काम अशी अर्धवेळ कमाई पहिल्या दोन वर्षांत जमते. वॉर्ड सुरू झाल्यावर ठरलेल्या वेळेचे काम टिकत नाही, कारण राउंड कधी संपेल ते आपल्या हातात नसते. तेव्हा सुट्टीतली कमाई वर्षभर पुरवणे जास्त शहाणपणाचे. हजेरी कमी भरून परीक्षेला बसता आले नाही, तर वर्षाचा खर्च दुप्पट होतो, हे पारडे नेहमी दुसऱ्या बाजूला ठेवावे.

पायरी ७: मनाचा खर्च अंदाजपत्रकात धरा

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४३ देशांतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणे आढळली होती. ज्यांची तपासणी सकारात्मक आली, त्यांच्यापैकी उपचार घेणारे जेमतेम १६ टक्के होते. पैशाची चणचण आणि ही अवस्था एकमेकींना वाढवतात. शाळेतले सोबती बाविशीत कमावू लागतात, सहलींचे बेत कळवतात, आणि आपण घरी पैसे मागायला फोन करण्याआधी दहा मिनिटे शब्द जुळवत बसतो. यावर मला सापडलेला उपाय असा की घरी दर तिमाहीला एकदाच, पायरी १ चा कागद समोर ठेवून बोलावे. "आई, तीन महिन्यांचं सांगते, त्यात परीक्षेचे पैसे धरलेत," असे एकदा सांगणे हे बारा वेळा अवघडत मागण्यापेक्षा दोन्ही बाजूंना सोपे जाते. समुपदेशकाची विनामूल्य सोय महाविद्यालयात आहे का आणि नोंदी गोपनीय राहतात का, हे बरे असतानाच विचारून ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक किंवा कशातही रस उरला नाही, तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता जा. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका.

पायरी ८: शेवटच्या वर्षातली गर्दी

अखेरच्या वर्षात खर्चाचा सर्वांत गच्च रकाना येतो: अंतिम परीक्षा शुल्क, परवाना परीक्षा असेल तर तिची फी, नोंदणी, प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती, वैद्यकीय तपासणी, मुलाखतींचा प्रवास, नव्या गावी खोलीची अनामत आणि पुढील शिक्षणाच्या प्रवेश परीक्षांचे अर्ज. हे सगळे निकालाच्या मागेपुढे येते आणि नेमका त्याच सुमारास घरून येणारा पैसा थांबतो, कारण "आता डॉक्टर झाला" असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात काम सुरू झाल्यावरही पहिला पगार महिना भरल्यानंतर मिळतो, आणि कागदपत्रांत काही अडकले, तर त्याहून उशिरा.

म्हणून शेवटच्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यापासून तीन महिन्यांच्या राहण्या-खाण्याचा खर्च वेगळ्या खात्यात साठवायला लागा. कर्ज असेल, तर पहिल्या हप्त्याची तारीख बँकेकडून लेखी मागवा आणि ती पहिल्या पगाराच्या आधी येत असल्यास मुदतवाढीचा अर्ज निकालाची वाट न पाहता करा. वसतिगृहाची आणि ग्रंथालयाची अनामत परत मिळवण्यासाठी पावत्या लागतात. पहिल्या वर्षी मिळालेल्या त्या दोन पावत्या कुठे ठेवल्या आहेत, ते आजच पाहा.